डब्याखालचा अहवाल

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. बाहेर मावळातला पाऊस, आत वडे तळल्याचा वास. बायकाही बऱ्याच आल्या होत्या. व्यासपीठावरून एकेक विषय वाचला जात होता आणि तो पुरता वाचून होण्याआधीच समोरून 'मंजूर, मंजूर' असा गजर होत होता. ताळेबंद मंजूर, नफावाटणी मंजूर, लेखापरीक्षकांची नेमणूक मंजूर! तासाभरात सभा आटोपली. खरी गर्दी झाली ती नंतर, भेटवस्तूच्या टेबलापाशी. या वेळी स्टीलचा डबा होता.

परत येताना रिक्षात शेजारच्या वहिनी डबा उलटसुलट करून बघत होत्या. "झाकण घट्ट बसतंय हो," त्या समाधानानं म्हणाल्या. मी विचारलं, "आणि अहवाल?" त्यांनी डब्याखाली धरलेलं पुस्तक काढून दाखवलं. "हा काय! कागद चांगला असतो याचा. फडताळात पसरायला बरा पडतो."

आम्ही दोघी हसलो. पण घरी आल्यावर मला काही हसू येईना. कारण असाच एक अहवाल कधीकाळी मीही फडताळात पसरला होता आणि त्याची किंमत माझ्या आत्यानं मोजली आहे.

आत्या नाणे मावळातली. सगळा जन्म भातखाचरात आणि गोठ्यात गेला. दहा-बारा वर्षांपूर्वी घरामागचा जमिनीचा एक तुकडा विकून तिच्या हाती आठ लाख रुपये आले. आमच्या मावळात अशी कितीतरी घरं आहेत. महामार्ग आला, एमआयडीसी आली, बंगल्यांचे प्लॉट पडले आणि ज्या हातांनी कधी नोटांचं पुडकं पाहिलं नव्हतं त्या हातांत एकदम लाखांचे चेक पडले. आत्यानं मला विचारलं, "कुठं ठेवू गं? तू शिकलेली आहेस." मी तिला एका पतसंस्थेचं नाव सांगितलं. बँकेपेक्षा दोन-अडीच टक्के व्याज जास्त होतं आणि तिथले मॅनेजर माझ्या ओळखीचे होते. पुढे चारेक वर्षांत त्या संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. आजवर हप्त्याहप्त्यानं तिच्या हाती जेमतेम सव्वा लाख आलेत. नातीला नर्सिंगला घालायचं ठरलं होतं, ती पोरगी आता तळेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. आत्या मला एका शब्दानंही बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "मला वाटलं, बोर्ड लावलाय म्हणजे बँकच असंल."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

हा विषय पुन्हा डोक्यात घुमायला लागला तो माझ्या भाचीमुळे. ती नवऱ्याच्या नोकरीनिमित्त जर्मनीत असते. फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "मावशी, इथे कोपऱ्याकोपऱ्यावर गावाची बँक आहे. माझं खातं तिच्यातच आहे." मी घाबरूनच विचारलं, "अगं, गावाची बँक? बुडली तर?" ती म्हणाली, "इथे कुणी असं विचारत नाही. तिच्या मागे बाकीच्या सगळ्या उभ्या असतात ना."

मागे कोण उभं आहे? हा एवढा साधा प्रश्न आत्याचे पैसे ठेवताना मला सुचला नव्हता. मग मी थोडं वाचलं, थोडं विचारलं. जे कळलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

जर्मनीत गावाच्या बँका दोन प्रकारच्या आहेत. एक 'स्पारकासे', म्हणजे बचत बँक. ती त्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या नावावर चालते. तिचे शेअर बाजारात विकत मिळत नाहीत. तिनं आपल्याच भागात व्यवहार करावा असा दंडक आहे. त्यामुळे गावातली बचत गावातल्याच सुताराला, बेकरीवाल्याला कर्ज म्हणून मिळते. दुसरी 'फोक्सबँक' किंवा 'रायफायझन बँक'. ही सभासदांची सहकारी बँक. आपल्यासारखीच, एक सभासद एक मत.

हे रायफायझन म्हणजे एक माणूस. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हे खेड्यापाड्यांचे महापौर होते. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात त्यांनी सावकाराच्या पाशात अडकलेले शेतकरी पाहिले आणि पुढे १८६४ साली हेडेसडॉर्फ इथे शेतकऱ्यांची पतपेढी काढली. नियम मोजके. क्षेत्र लहान ठेवायचं, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतील. आणि संस्था बुडाली तर सगळ्यांनी मिळून भरायचं! त्यामुळे कोण कर्ज घेतोय, गाईसाठी घेतोय की दारूसाठी, यावर साऱ्या गावाचा डोळा. उतारवयात रायफायझन यांची दृष्टी जवळजवळ गेली, तेव्हा त्यांचं लिहिण्यावाचण्याचं काम त्यांची मुलगी अमाली करत असे. तिचं नाव मात्र कुठल्या बँकेला दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, जर्मनीतल्या या माणसाचा आमच्या मावळाशी काय संबंध? संबंध आहे. मद्रास इलाख्यातल्या फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्यानं युरोपातल्या या पतपेढ्यांचा अभ्यास करून अहवाल दिला आणि त्याच वळणाचा सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आपल्याकडे आला. त्याच्याही आधी १५ वर्षं, १८८९ मध्ये, बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली होती. पुण्याची कॉसमॉस १९०६ ची, आपली पुणे जिल्हा मध्यवर्ती बँक १९१७ ची, मुंबईची सारस्वत १९१८ ची. आज देशात सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँका आहेत आणि त्यांत सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात. मावळातला शेतकरी गावच्या सोसायटीकडून पीककर्ज घेतो, सोसायटीला पैसा जिल्हा बँक देते आणि जिल्हा बँकेच्या वर राज्य सहकारी बँक असते. या उतरंडीवर आपली इंद्रायणीची भातशेती उभी आहे.

म्हणजे बी तेच. मग पीक वेगळं का आलं?

फरक आहे तो राखणीत. जर्मनीत सहकारी संस्थेची तपासणी १८८९ पासून सक्तीची आहे आणि १९३४ पासून प्रत्येक संस्थेला तपासणी करणाऱ्या संघाचं सभासद व्हावंच लागतं. म्हणजे हिशेब तपासणारा त्या त्या बँकेच्या अध्यक्षांच्या मर्जीतला नसतो. शिवाय त्याच सुमारास सगळ्या सहकारी बँकांनी मिळून एक राखीव निधी उभा केला. एखादी बँक अडखळली की बाकीच्या तिला सावरतात, नाही तर शेजारच्या बँकेत विलीन करतात. १९३४ नंतर आपल्या एकाही ठेवीदाराची ठेव बुडाली नाही, असं त्यांचा संघ अभिमानानं सांगतो. कायद्याचं एक लाख युरोपर्यंतचं संरक्षण आहे ते वेगळंच. पण मुळात तिथवर जायची वेळच येऊ द्यायची नाही, अशी ती रचना आहे. आपल्या खेड्यात एखाद्याच्या घरी लग्न अडलं की भावकी जशी उभी राहते, तसंच हे.

मात्र परदेशातलं सगळंच चांगलं असा माझा दावा नाही. स्पेनचं उदाहरण बघा. तिथेही गावोगावच्या बचत बँका होत्या. त्यांच्या भाषेत तिला 'काखा' म्हणतात, अर्थ पेटी. नाव ऐकून आपल्याला हसू येतं, पण २००८ च्या मंदीनंतर या काखांनी खरोखरच काखा वर केल्या! अशा ४५ पेढ्या होत्या. त्यांच्या कारभारी मंडळांत स्थानिक पुढाऱ्यांची गर्दी झालेली. जमिनी आणि इमारतींच्या तेजीत बिल्डरांना वारेमाप कर्जं दिली गेली. तेजी ओसरली आणि सगळं कोसळलं. सात काखा एकत्र करून 'बांकिया' नावाची बँक काढली, तीही २०१२ मध्ये सरकारला वाचवावी लागली. त्याआधी ओळखीच्या बँकवाल्यांच्या शब्दावर कितीतरी वयस्कर लोकांनी ठेव समजून भलतेच कागद विकत घेतले होते. त्यांचे पैसे अडकले. आज तिथे जुन्या पद्धतीच्या काखा उरल्यात फक्त दोन, त्याही छोट्याशा.

हे वाचताना मला स्पेन परका वाटलाच नाही. पुढारी, बिल्डर आणि ओळखीचे मॅनेजर... सगळी आपलीच माणसं!

आपल्याकडे काय झालं ते आठवून पाहा. पुण्याची रुपी बँक १९१२ ची, मध्यमवर्गीयांची लाडकी. २०१३ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि साडेनऊ वर्षं ताटकळून २०२२ च्या सप्टेंबरात ती बंद झाली. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला जेमतेम एक हजार रुपये काढता येत होते. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जं लपवण्यासाठी हजारो बोगस खाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवीदारांना उरलेल्या पैशांसाठी दहा वर्षांपर्यंतचं वेळापत्रक मिळालं. सत्तरीतल्या माणसानं ते वेळापत्रक कसं वाचायचं?

काही गोष्टी सुधारल्यात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. बँकेतल्या ठेवीवरचा विमा १९९३ पासून एक लाखावरच अडकला होता. पीएमसीच्या धक्क्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाख झाला. २०२० मध्येच कायदा बदलून सहकारी बँकांच्या कारभारावर रिझर्व्ह बँकेचा हात अधिक बळकट केला गेला. २०२१ पासून बँकेवर निर्बंध आले तर विम्याचे पैसे ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले, तर ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीनही झाली. रुपीच्या साडेनऊ वर्षांपुढे हे सहा महिने म्हणजे मोठीच प्रगती.

पण मैत्रिणींनो, हे सगळं 'बँके'बद्दल आहे. माझी चूक झाली ती इथेच. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिला आपल्या नावात 'बँक' शब्द लावता येत नाही, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची नाही तर सहकार खात्याची देखरेख असते, आणि पाच लाखांचं ते विम्याचं कवच तिच्या ठेवींना नाही. आत्याच्या आठ लाखांमागे उभं होतं ते फक्त थकबाकीदारांकडून होणाऱ्या वसुलीचं आश्वासन. दोन-अडीच टक्के जास्त व्याज का मिळतंय, हे मी विचारायला हवं होतं. ते त्या नसलेल्या कवचाचंच भाडं होतं.

याचा अर्थ पतसंस्था वाईट, सहकारी बँका वाईट, सगळे पैसे काढून सरकारी बँकेत टाका, असं मी अजिबात म्हणणार नाही. लोणावळ्यात चिक्कीचा लहानसा धंदा करणारी, पावसाळ्यात पर्यटकांना मक्याची कणसं भाजून विकणारी, दोन खोल्या भाड्यानं देणारी बाई जेव्हा पाच-पंचवीस हजारांचं कर्ज मागते, तेव्हा तिला नावानिशी ओळखणारी संस्था गावातलीच असते. बदलून आलेल्या साहेबाला तिच्या कागदांत कमी दिसतं, गावातल्या माणसाला तिची दहा वर्षांची मेहनत दिसते. चांगल्या चाललेल्या संस्था खूप आहेत. त्या टिकायला हव्यात, म्हणून तर हा खटाटोप.

जर्मनीसारखी एकमेकींना सावरणारी भावकी आपल्या बँकांनी उभी करावी, ही मागणी आपण करत राहायला हवी. संस्थेनं आपला लेखापरीक्षक आपणच निवडायचा आणि सभेनं 'मंजूर' म्हणायचं, हा प्रकार थांबायला हवा, असंही मला वाटतं. पण ते होईल तेव्हा होईल. तोवर राखण आपली आपणच करायची आहे.

आधी पाटी वाचायची. 'बँक' लिहिलंय की 'पतसंस्था'? बँक असेल तर पाच लाखांचं गणित लक्षात ठेवायचं. हे पाच लाख मुद्दल आणि व्याज मिळून आहेत. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवलं तर बेरीज एकत्रच होते, वेगळ्या बँकेत ठेवलं तर वेगळी. विम्याचा हप्ता बँकच भरते, आपल्याला काही द्यावं लागत नाही. शेअरच्या रकमेला मात्र विमा नाही. आणि जिथे व्याज इतरांपेक्षा फार जास्त, तिथे आधी 'का?' विचारायचं.

मग अहवाल उघडायचा. त्यात सगळं नाही समजलं तरी तीन गोष्टी शोधायच्या. थकलेल्या कर्जांचं प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा वाढलं की कमी झालं? लेखापरीक्षणात वर्ग कोणता मिळाला? आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांच्या नावावर किती कर्ज आहे? या तीन गोष्टी शोधायला हिशेबाची पदवी लागत नाही. किराणाच्या यादीत दुकानदारानं लावलेले दोन रुपये जास्त आपल्याला बरोबर दिसतात, तशाच या दिसतील.

पैशाच्या गोष्टी बायकांना कळत नाहीत, असं कुणी म्हणालं तर दोन उदाहरणं सांगायची. कॅनडातल्या लेव्ही गावात १९०० साली अल्फाँस देजार्दँ यांनी सहकारी पेढी काढली आणि ती सुरुवातीला त्यांच्या घरातूनच चालायची. ते संसदेच्या कामासाठी महिनोन्‌महिने दूर ओटावाला असत. मागे कारभार बघायची त्यांची बायको, डोरिमेन. पदरी पोरंबाळं, दारात ठेवीदार, आणि १९०६ पर्यंत पाठीशी पुरेसा कायदाही नाही. काही चुकलं तर आपलं घरदार जाईल, ही धास्ती तिलाच जास्त होती. आज तो उत्तर अमेरिकेतला एक मोठा सहकारी वित्तसमूह आहे आणि डोरिमेनला सहसंस्थापक मानतात.

दुसरं उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यातलं, म्हसवडचं. माणदेशी महिला सहकारी बँक, १९९७. चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन बँकेचा परवाना मागितला, तेव्हा त्यांतल्या कितीतरी अंगठेबहाद्दर म्हणून अर्ज नाकारला गेला. या बायका शिकल्या आणि पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुम्हीही यंत्राशिवाय करा, बघू कोण आधी सांगतं! परवाना मिळाला.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपला बचत गट घ्या. कामशेत असो, वडगाव असो की पवनानगर, गटाच्या बैठकीत कुणाचे पन्नास रुपये कमी आले तर आपण विचारतोच ना? कर्ज कशाला हवंय, कधी फेडणार, मागचं फेडलं का, हे तोंडावर विचारतो. रायफायझननं सांगितलेला सहकार तो हाच. पन्नास रुपयांसाठी जागी असणारी बाई लाखांच्या सभेत डबा घेऊन परत का येते?

सहकार कायद्यानं संचालक मंडळावर आपल्यासाठी दोन जागाही राखून ठेवल्यात. त्यांवर बऱ्याचदा कुणाची तरी पत्नी, कुणाची तरी सून बसते आणि दाखवलं तिथे सही करते. त्या सहीची जबाबदारी मात्र नवऱ्याची नसते, तिचीच असते. हे त्या बाईला कुणीतरी सांगायला हवं.

त्या दिवशी संध्याकाळी मी वहिनींकडे गेले. "तो अहवाल अजून पसरला नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही, का हो?" आम्ही चहा घेत दोघींनी मिळून तो वाचला. निम्मा डोक्यावरून गेला. पण थकीत कर्जाचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा वाढलेला दिसला. तो का वाढला, याचं कारण कुठंच लिहिलेलं नव्हतं. वहिनींनी पेन घेऊन त्या ओळीखाली रेघ मारली आणि अहवाल जपून ठेवला, तिच्या लग्नातल्या ट्रंकेत नव्हे, तर रोज हात जातो त्या फडताळातच. फक्त डब्याखाली नाही, डब्यावर.

सप्टेंबरअखेरपर्यंत संस्थांना सभा घ्यावीच लागते. येत्या सभेत त्या रेघेचं उत्तर मागायचं आम्ही ठरवलंय. पहिल्यांदा उभं राहताना पाय लटपटतील, मागून कुणी 'बसा हो ताई' म्हणेल. म्हणू दे. मी आत्यालाही सोबत नेणार आहे. तिथं तिचं काही नाही, पण कुणीतरी प्रश्न विचारताना तिनं पाहावं, असं मला फार वाटतं.